रंगद्रव्याचं मूळ शोधताना या चुका टाळा

अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत लाजवर्द, म्हणजे दळून निळा रंग देणारा दगड, सापडतो, हे खरं. पण तेवढ्यावरून मराठवाड्यातली प्रत्येक निळी भिंत अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीला जोडायची घाई नवी मुलं करतात, आणि ते वाचून जीव तुटतो.

पैठणकडच्या एका जुन्या वाड्यातल्या भित्तिचित्राचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. रामन वर्णपटात (लेसर टाकून पदार्थ ओळखायची चाचणी) ५४८ सेमी⁻¹ च्या आसपास ठसठशीत शिखर होतं, म्हणून लाजवर्द. पुढे पानभर व्यापारी मार्ग आणि बदख्शान ते पैठण रेघ ओढलेला नकाशा. मी कण सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावले. सगळे बारीक, गोलसर, एकसारखे. खाणीतल्या लाजवर्दासोबत येणारी खनिजंही नव्हती: कॅल्साइट नाही, डायोप्साइड नाही, पायराइटचा एक ठिपकाही नाही. तो कारखान्यात बनवलेला अल्ट्रामरीन, म्हणजे लाजवर्दाचाच कृत्रिम निळा रंग होता. फ्रान्समध्ये १८२८ साली तो बनवण्याच्या रसायनतज्ज्ञ गिमे यांच्या कृतीला बक्षीस मिळालं, पुढे हाच रंग कपड्यांना द्यायची नीळ म्हणून घरोघरी पोचला. खाणीतला काय आणि कारखान्यातला काय, रंग देणारा गंधकाचा आयन एकच, त्यामुळे रामनचं मुख्य शिखरही तेच. फरक कळतो तो कणांच्या आकारातून आणि सोबतच्या खनिजांतून. म्हणून सूक्ष्मदर्शक आधी, वर्णपट नंतर, हा माझा क्रम मी सोडत नाही. दगड अस्सल निघाला तरी थांबा. लाजवर्द पामीरमध्ये आणि बैकल सरोवराजवळही मिळतो. माहीत असलेल्या खाणींच्या दगडांशी तुलना होईपर्यंत नकाशाला हात लावू नये.

दुसरी चूक हातातल्या एक्सआरएफ यंत्राची, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राची. लाल भागावर यंत्र टेकवलं, लोह दिसलं, लिहिला गेरू! अहो, क्ष-किरण रंगाच्या पातळ थराच्या पार जातात, आणि अजिंठ्याच्या मातीच्या गिलाव्यातच भरपूर लोह आहे. मी आधी शेजारच्या उघड्या गिलाव्याची चार ठिकाणी नोंद घेते, मगच रंगाकडे वळते. लाजवर्दासाठी तर या यंत्रावर विसंबूच नका. सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक ही हलकी मूलद्रव्यं त्याला नीट पकडता येत नाहीत. तांबं दिसलं नाही तर अझुराइट (तांब्याचं निळं खनिज) नाही, एवढंच ठरतं. वेळ वाचवायला एकाच यंत्रावर भागवलेला अहवाल मी परत पाठवते.

डोळ्यांवर भरवसा नको. निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी १९२० ते १९२२ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचं रोगण दिलं. ते पिवळं पडलं की खालचा निळा हिरवट दिसतो.

नमुना कुठून घेतला त्याचा फोटो नसेल तर तो नमुना टाकून द्या.

आणि हिरव्यासाठी लांब पळू नका. हिरव्या मातीच्या रंगातलं सेलाडोनाइट हे खनिज दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळतं. आधी जवळच्या घाटातले, ओढ्यातले दगड तपासा, परदेशी नमुने त्यानंतर मागवा.