जुन्या बाईकचा इंडिकेटर लागत नाही? फ्लॅशर विकत घेण्याआधी या चुका टाळा

स्प्लेंडर, सीडी १००, आरएक्स १०० अशा जुन्या गाडीचा इंडिकेटर बंद पडला की पहिला खर्च फ्लॅशरवर (दिवा लुकलुकवणारी छोटी डबी) होतो. तो स्वस्त असतो आणि बदलायला सोपा. तरीही दिवा लागला नाही की मग स्विच बदलतात आणि शेवटी अख्खं वायरिंग. फ्लॅशर खराब होतो हे खरं, पण त्याच्यावर संशय घेण्याआधी फुकटात होणारी एक तपासणी आहे. फ्लॅशर कपलरमधून (वायरच्या प्लगमधून) काढा, कपलरमधल्या दोन्ही पॉइंटना वायरचा तुकडा लावून ते जोडा, चावी ऑन करा आणि स्विच डावी-उजवीकडे करून बघा. चारही दिवे न लुकलुकता सलग पेटले, तर दोष फ्लॅशरचा. पेटलेच नाहीत, तर नवा फ्लॅशर आणूनही उपयोग नाही.

दुसरी चूक बॅटरीबद्दलची. ‘हेडलाइट लख्ख लागतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ असं अनेक जण धरून चालतात. या जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या (इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो. म्हणूनच रेस वाढवली की तो उजळतो. इंडिकेटर, हॉर्न आणि ब्रेक लाइट मात्र बॅटरीवर असतात. अशी गाडी बॅटरी मेली तरी किक मारून सुरू होते, त्यामुळे मालकाला महिनोन्‌महिने पत्ताच लागत नाही. इंजिन बंद ठेवून हॉर्न वाजवा. आवाज घोगरा आला तर आधी बॅटरी बघा. मल्टिमीटर असेल तर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या खाली असेल तर चार्जिंग करायलाच हवं. १० वॅटचे दोन बल्ब मिळून पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतात. २.५ अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीला हा भार काही कमी नाही.

बल्ब बदलताना त्याच्यावर छापलेलं वाचा. बहुतेक गाड्यांना १२ व्होल्ट १० वॅटचा लागतो. त्याच होल्डरमध्ये २१ वॅटचाही बसतो आणि काही जण ‘जास्त उजेड पडेल’ म्हणून मुद्दाम तोच बसवतात. त्याने फ्लॅशरची लय बिघडते, बॅटरी लवकर उतरते आणि प्लास्टिकची काच उष्णतेने वितळू शकते. एकाच बाजूचा इंडिकेटर घाईघाईने लुकलुकत असेल किंवा न लुकलुकता नुसता पेटून राहत असेल, तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय का ते बघा. नीट चालणारा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो.

आता अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाण्याची वाट. जुन्या गाड्यांतले निम्मे चकवे इथलेच, असं माझं ठाम मत आहे. गाडीला नवा रंग मारून आणला आणि इंडिकेटर गेले, असं हमखास होतं. ज्या इंडिकेटरचं अर्थिंग त्याच्या दांडीतून मडगार्डला जातं, तिथे रंगाचा थर मध्ये येतो. कोकणातल्या पावसात किंवा वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पाणी होल्डरमध्ये शिरतं, आत गंज धरतो आणि तोच परिणाम होतो. ओळखायची खूण म्हणजे इंडिकेटर चालू केला की टेल लाइटही मंद होतो किंवा त्याच्यासोबत लुकलुकतो, कारण करंट परतीची दुसरी वाट शोधत असतो. एक लांब वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवा. दिवा भक्कन पेटला तर दोष सापडला. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढा, नट घट्ट करा.

वायरचे रंग ठाऊक असले की अर्धी डोकेदुखी वाचते. हीरो होंडाच्या गाड्यांत डावा इंडिकेटर नारिंगी, उजवा फिकट निळा, फ्लॅशरकडून स्विचला जाणारी वायर राखाडी आणि अर्थिंग हिरवं. यामाहात डावा चॉकलेटी, उजवा गडद हिरवा आणि अर्थिंग काळं. होंडावर हात बसलेला माणूस यामाहाची हिरवी वायर अर्थिंगला जोडून मोकळा होतो आणि उजवा इंडिकेटर चालू करताच फ्यूज उडतो. मग फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली जाते. हे कधीही करू नका. पुढच्या शॉर्टला वायरिंग जळतं, तेही पेट्रोलच्या टाकीखाली.

हँडल सरळ असताना इंडिकेटर चालतो आणि वळवलं की बंद होतो? मग हँडलच्या मानेपाशी वायर आतून तुटली आहे. वरचं प्लास्टिक शाबूत असतं, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. इंडिकेटर चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. असा अधूनमधून चालणारा इंडिकेटर पूर्ण बंद पडलेल्यापेक्षा घातक, कारण आपण बटण दाबून निश्चिंत होतो आणि मागच्या ट्रकला काहीच दिसत नाही. दुरुस्त होईपर्यंत हात दाखवूनच वळा.

स्विच उघडायचा असेल तर खाली फडकं पसरा. आतली स्प्रिंग आणि बारीक छर्रा उडून गेला की तो परत मिळत नाही. काळे पडलेले पॉइंट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसले तरी बहुतेक वेळा काम होतं.

एलईडी बसवल्यावर दोन तक्रारी येतात. पहिली म्हणजे इंडिकेटर भराभर लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटवर चालतो आणि एलईडी फारच कमी करंट घेतो. एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा. दुसरी, चारही दिवे एकदम लुकलुकतात. हे ज्या गाड्यांच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा असतो तिथे घडतं. तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो, त्यातून करंट पलीकडे जातो आणि तेवढ्यावर एलईडी पेटतो. दोन्ही वायरींना एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावा, त्यांची पट्टीकडची टोकं एकत्र करून मीटरच्या दिव्याला द्या आणि दिव्याची दुसरी वायर अर्थिंगला जोडा.