पन्नाशीनंतरचा व्यायाम: मोडलेला नेम पुन्हा कसा धरावा

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला व्यायाम का करावा, हे मुद्दाम सांगावे लागत नाही. रक्ततपासणीचा कागद, जिना चढताना लागणारी धाप आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत पाटावरून उठताना आपोआप भिंतीकडे जाणारा हात यांनी ते आधीच सांगितलेले असते. गोव्यात तर याचे गांभीर्य अधिकच आहे, कारण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, म्हणजे प्रौढांमध्ये २६.४ टक्के, आपल्याच राज्यात आढळले. तरीही उत्साहाने सुरू केलेली सकाळची फेरी दोन-तीन महिन्यांत थांबते. पाऊस लागतो, घरात कार्य निघते, ताप येतो, आणि एकदा मोडलेला नेम पुन्हा धरवत नाही. माझा स्वतःचा नेम गेल्या ६ वर्षांत ११ वेळा मोडला आहे. वहीत नोंद ठेवल्यामुळे हा आकडा मला ठाऊक आहे. या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की या वयात नेम मोडू न देण्याच्या निश्चयापेक्षा मोडल्यावर परतण्याची तयारी आधीच करून ठेवणे अधिक उपयोगी पडते.

आरंभाविषयी थोडक्यात सांगतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा सांध्यांचा जुना त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी. इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब फेरीला निघू नये. चालताना छातीत दाब जाणवला, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तेथेच थांबावे आणि तो प्रकार डॉक्टरांच्या कानावर घालावा.

वजनकाट्याला किती मान द्यावा

उत्साह मावळण्याचे सर्वांत मोठे कारण, माझ्या पाहण्यात, वजनकाटा हेच आहे. माणूस तीन आठवडे नेटाने चालतो, काट्यावर उभा राहतो आणि आकडा जागचा हललेला नसतो. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर ही घट वाढते. त्यामुळे केवळ उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि काटा मात्र त्या दोहोंत भेद करत नाही. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करावे आणि त्याच्या जोडीला आणखी दोन मापे ठेवावीत.

पहिले माप कंबरेच्या घेराचे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता हे माप घ्यावे. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. दुसरे माप खुर्चीचे. हात नसलेली, बेताच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीवर दुमडावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषांत १४ पेक्षा आणि स्त्रियांत १२ पेक्षा कमी संख्या आली तर पायांतील बळ सरासरीपेक्षा कमी आहे असे समजतात. वजन अडून बसले असतानाही ही संख्या वाढत राहते, आणि पुढच्या महिन्याचा उत्साह बहुधा तिच्याच जोरावर टिकतो.

ध्येय मोठे धरण्याचे कारण नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,००० हून अधिक लोकांवर केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनात सुमारे ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, आणि साठीपुढच्या लोकांत ही घट ७१ टक्के होती. ८० किलो वजनाच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे सुमारे साडेपाच किलो. ते सहा-आठ महिन्यांत उतरले तरी काही बिघडत नाही.

पोदेराचा भोंगा

‘उद्यापासून सकाळी चालायला जाईन’ हा संकल्प टिकत नाही, कारण त्यात सकाळ नेमकी कोणती हे ठरलेले नसते. आमच्या वाड्यावर पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलीचा भोंगा सव्वासहाच्या सुमारास ऐकू येतो. मी चालण्याचा नेम घड्याळाशी न बांधता त्या भोंग्याशी बांधला. पाव घेऊन आत ठेवायचे आणि चपला न घालता बूट चढवायचे, इतकाच तो नियम. बूट रात्रीच दाराशी, मोजे त्यांच्या आत. ज्यांच्याकडे पोदेर येत नाही त्यांना देवपूजा, दूध तापवणे, नातवंडांना शाळेच्या बसमध्ये बसवणे यांपैकी काहीही चालेल. मात्र ती गोष्ट रोज आपोआप घडणारी असावी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही, ही त्यातली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

चालण्याचा वेग कसा ओळखावा? बरोबरच्या माणसाशी गप्पा मारता याव्यात, पण नाट्यपद म्हणता येऊ नये. पद म्हणता येत असेल तर पाय उचलावेत आणि बोलतानाच दम लागत असेल तर वेग कमी करावा. रोज १०,००० पावलांचा जो आकडा सर्वांच्या तोंडी असतो तो जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला आहे. वयस्क अमेरिकन स्त्रियांवरील २०१९ सालच्या अभ्यासात रोजच्या ४,४०० पावलांपाशीच मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले आणि ७,५०० च्या आसपास तो लाभ स्थिरावला. दहा हजार होत नाहीत म्हणून घरी बसणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

चालण्याने स्नायूंचे पूर्ण काम होत नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस बळाचा व्यायाम हवा. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून काढलेले जोर, टाचा उचलणे आणि पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या डोक्याच्या वर नेणे एवढ्यापासून आरंभ करता येतो. मी स्वतः सुरुवातीला एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले. तेथील प्रशिक्षकाने माझ्या पुतण्याच्या वयाला शोभणारा तक्ता माझ्या हाती दिला, मीही भिडेपोटी तो पाळला, आणि आठव्या दिवशी उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. जिम वाईट असते असे मी म्हणणार नाही. पैसे मात्र महिन्याचे भरावेत आणि पहिला महिना ‘हे फारच हलके वाटते’ अशा वजनावर काढावा.

पाऊस

गोव्यात व्यायामाचा खरा शत्रू आळस नसून पाऊस आहे. जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत येथे साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मिरामारचा किनारा, कांपालचा पदपथ, आल्तिनोचा चढ, गावातील देवळाच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, सगळीकडे ओल आणि शेवाळ. या वयात घसरून मोडलेले हाड वर्षभराच्या व्यायामावर पाणी ओतते, तेव्हा भर पावसात बाहेर पडण्याचा हट्ट नकोच. पण ‘पाऊस ओसरला की बघू’ असे म्हणणारा माणूस थेट दसऱ्यानंतर उठतो. पावसाळी नेम वेगळा असावा आणि तो मे महिन्यातच ठरवून, एक-दोनदा करूनही पाहावा.

आमचे घर जुने, राजांगण म्हणजे मधोमध मोकळे अंगण असलेले आहे. राजांगणाभोवतीच्या पडवीत एक फेरा घातला की माझी ३२ पावले होतात. एका वाटीत १०० चिंचोके घ्यायचे, दर फेऱ्याला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा, आणि आकाशवाणीच्या बातम्या ऐकत चालायचे. वाटी रिकामी होईपर्यंत ३,२०० पावले आणि सुमारे अर्धा तास झालेला असतो. पावसाळ्यात पडवीतच कपडे वाळत असल्यामुळे ओल्या धोतराखालून आणि चादरींखालून वाकून जावे लागते. सौभाग्यवतींच्या मते पाठीचा व्यायाम तेवढाच. दर चार फेऱ्यांनी दिशा बदलावी, नाहीतर एकाच बाजूला सतत वळून गुडघा कुरकुरतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना इमारतीचा जिना आहे. कठडा धरून चढावे आणि गुडघे दुखत असतील तर उतरताना लिफ्ट वापरावी, कारण उतरतानाच गुडघ्यांवर अधिक भार येतो.

अगदीच काही जमत नसेल त्या दिवसासाठी एक किमान नेम असावा: दहा वेळा खुर्चीवरून उठणे आणि दहा मिनिटे घरातल्या घरात चालणे. त्याने वजन उतरत नाही, पण दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करण्याचे ओझे राहत नाही.

ताट आणि सोबत

आहाराबाबत माझा सल्ला असा की शीत-कडी, म्हणजे भात आणि माशांची आमटी, सोडू नये. हुमणाच्या, म्हणजे त्याच आमटीच्या, वासात वाढलेल्या माणसाला ओट्सवर किती दिवस ठेवणार? ताटातले प्रमाण बदलावे. भात एक वाटी कमी, भाजी एक वाटी जास्त, आणि बांगडा रवा लावून तळण्याऐवजी कडीत. शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे १९ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वाढत्या वयात दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे अनेक तज्ज्ञ सांगतात. ६५ किलोच्या व्यक्तीसाठी हे रोजचे ६५ ते ७८ ग्रॅम होतात. सोमवारी आणि श्रावणात मासे वर्ज्य असतात तेव्हा ही बाजू लंगडी पडते. त्या दिवसांत मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी), चवळीचे तोणाक (उसळीसारखी रस्सेदार भाजी) आणि दही-ताक यांना ताटात मोठी जागा द्यावी. कोंड्याची पोई पावापेक्षा बरी, परंतु पोई आहे म्हणून चार खाणे हे पथ्य नव्हे.

सोबत असली की नेम टिकतो. फाटकाशी उभे राहून कोणी ‘काय हो भाऊ, आज उठला नाहीत?’ असे विचारील, या धास्तीने मी कितीदा अंथरुण सोडले आहे. परंतु चालणाऱ्यांचे टोळके शेवटी हॉटेलात शिरते आणि तेथे पातळभाजी, पाव व वर मिरचीची भजी येतात. अर्ध्या तासाच्या फेरीत जेमतेम सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च झालेल्या असतात, त्या पहिल्या दोन भज्यांतच भरून निघतात. हॉटेल बंद करू नये, कारण काही मंडळी त्यासाठीच उठतात; आम्ही ते फक्त शनिवारवर आणले आहे. घरातील स्त्रीला मात्र सकाळच्या डब्यांमुळे अशी सोबत मिळत नाही. पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज वाढते, म्हणून तिची गरज पुरुषापेक्षा कमी नाही. आठवड्यातील तीन सकाळी डबा दुसऱ्या कोणीतरी भरावा, हे घरात बसून ठरवून घेतले पाहिजे.

परतण्याची तारीख

चवथ, दिवाळी, गावची जत्रा, नाताळात शेजारून आलेली दोदोल आणि बेबिंका ही गोड पक्वान्ने. या आठवड्यांत वजन उतरवण्याचा विचारच करू नये, आहे तेवढे राखले तरी पुरे. नेवऱ्या (करंज्या) करणाऱ्यांच्या घरात नेवऱ्या न खाणे शक्य नसते आणि ते शोभतही नाही. त्याऐवजी परतण्याची तारीख आधीच भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी: दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाले की त्यानंतरच्या दुसऱ्या सकाळी पहिली फेरी, जत्रेहून आलो की तिसऱ्या दिवशी. ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा नेमका संकल्प मोघम संकल्पापेक्षा अधिक पाळला जातो, हे मानसशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोगांत दाखवले आहे.

दोन आठवड्यांहून अधिक खंड पडला असेल तर पहिला आठवडा पूर्वीच्या निम्म्यावर चालावे. बुडालेले दिवस भरून काढण्याच्या नादात गुडघा किंवा पाठ धरते आणि दुसरा खंड पहिल्यापेक्षा लांबतो. तापातून उठल्यावर ताप पूर्ण जाऊन भूक परत येईपर्यंत थांबावे. पहिल्या दिवशी वजन करू नये. ते आठवडाभराने करावे, म्हणजे सणातला आकडा पाहून हातपाय गळत नाहीत.

वहीत मी रोजची पावले लिहीत नाही. दोनच तारखा लिहितो, नेम मोडला ती आणि परतलो ती. पहिला खंड ४ महिने आणि ९ दिवसांचा होता. गेल्या चवथीचा ६ दिवसांचा, आणि त्यातले दोन दिवस तर वीजच नव्हती.