आधी कडी बघ : फिरतीवरच्या ट्रान्स पुरुषांसाठी

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी ठरवलेला पण पुरुष म्हणून जगणारा. काम औषध कंपनीच्या एमआरचं, डॉक्टरांकडे फिरून औषधांची माहिती द्यायची. सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर ही माझी लाइन. सकाळी घर सोडलं की रात्री शेवटच्या डॉक्टरांची ओपीडी संपेपर्यंत बाहेरच. नवीन पोरं भेटतात, टी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, सुरू होऊन दोन-चार महिने झालेली. त्यांचा पहिला प्रश्न नोकरीचा नसतो, घरच्यांचाही नसतो. ‘दादा, बाहेर असताना लघवी-संडासला तू जातोस कुठं?’ हाच असतो. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथं लिहितोय.

सगळ्यात आधी, पाणी तोडायचं नाही. सकाळी चहा नको, दिवसभर पाणी नको आणि रात्री घरी येऊन तांब्याभर ढोसायचं, असं करणारे आपल्यात ढीगभर आहेत. कमी पाणी आणि तासन्‌तास तुंबवलेली लघवी, यातून इन्फेक्शन होतं. जळजळ, सारखं लागल्यासारखं वाटणं, थेंब थेंब होणं सुरू झालं की डॉक्टरकडे जा. थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत एका बाजूला, बरगड्यांच्या खाली दुखायला लागलं, तर त्याच दिवशी जा, कारण ते किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. मित्रानं सांगितलेली गोळी मेडिकलमधून आणू नको. गोळ्या विकणारा माणूस हे सांगतोय, तेव्हा ऐक. आणि डॉक्टरांना टी घेतोस हे सांग. टीमुळे तिथली त्वचा कोरडी पडते आणि कधी कधी इन्फेक्शन नसतानाही जळजळतं. लाजून हे लपवलंस तर भलतंच औषध घेत बसशील. लघवी तपासायला दे, मग काय ते ठरेल.

आता एसटी स्टँड. सुलभच्या दारात टेबल, त्यावर सुट्ट्या नाण्यांची ताटली आणि मागे खुर्चीत मामा. पुरुषांच्या बाजूला बहुतेक ठिकाणी मुतारी फुकट असते, संडासाला पैसे पडतात. आत येणाऱ्याकडे मामा मान वर करून बघतात ते पैसे घ्यायचेत की नाही एवढ्यापुरतं. तुझ्या दाढीची त्यांना काही पडलेली नसते. म्हणून नाणं आधीच मुठीत धर, टेबलावर ठेव, ‘संडास’ म्हण आणि सरळ आत जा. आवाज अजून फुटला नसेल तर काही बोलूच नको, नाणं ठेवल्यावर त्यांना कळतं. खिसे चाचपत दारात उभा राहणारा मात्र सगळ्यांच्या नजरेत भरतो. मुतारीसमोरून जाताना इकडंतिकडं बघायचं नाही. पुरुषांच्या बाजूला कुणी कुणाकडं बघत नाही, हा रिवाज आपल्या पथ्यावर पडतो.

आत गेल्यावर आधी कडी बघ. फरशी, नळ, बादली सगळं नंतर. एकाची मोडकी असेल तर शेजारचा संडास बघ. सगळ्याच मोडक्या असतील, आणि असतात, म्हणून माझ्या सॅम्पलच्या बॅगेत दाराखाली सारायची रबरी पाचर कायम असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दार आत उघडत असेल तरच ती कामाची. बाहेर उघडत असेल तर कडीच्या भोकात सुतळी ओवून दुसरं टोक हातात धरायचं. आवाजाची फार काळजी करू नको, बादलीत नळ सोडला की बाहेर काही ऐकू जात नाही. उभ्यानं करायची नळीही आता ऑनलाइन मिळते. घरी, बाथरूममध्ये हात बसला असेल तर खुशाल वापर. मला ती नकोशी वाटते, कारण स्टँडवर ती धुवायची कुठं?

पाळी अजून सुरू असेल तर आणखी एक तयारी लागते. पुरुषांच्या संडासात झाकणाचा डबा नसतो, म्हणून जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि बंद होणारी प्लास्टिकची पिशवी जवळ ठेव. वापरलेला पॅड बॅगेतून बाहेर नेऊन कचराकुंडीत टाक. भांड्यात टाकू नको. ते तुंबलं की हात घालून काढावं लागतं त्या सफाई कामगाराला.

काही जण अजून मधल्या टप्प्यावर असतात. बायकांच्या बाजूला गेलं की ‘ए, हे बायकांचं आहे’ म्हणून ओरडा, पुरुषांच्या बाजूला गेलं की पायच उचलत नाहीत. अशानं स्टँडचा नाद सोडावा आणि जिथं बाई-पुरुष अशी वाटणीच नाही अशा जागा हेराव्यात. एमआरला यातली सगळ्यात सोपी जागा माहीत असते ती म्हणजे छोटं नर्सिंग होम. खाली ओपीडी, जिन्याखाली एकच संडास, सगळ्यांना तोच. पेशंटसोबत कोण आलंय ते कुणी विचारत नाही. रेल्वेच्या डब्यातले संडासही सगळ्यांचे एकच असतात. त्यामुळे मुंबई-कोल्हापूरला कोयना मिळत असेल तर मी एसटीचं नाव काढत नाही. पेट्रोल पंपावर शौचालय ठेवणं पंपवाल्याला बंधनकारक आहे आणि ते फुकट असतं. बऱ्याचदा कुलूप असतं, तेव्हा ‘चावी द्या’ एवढंच म्हणायचं.

दिव्यांगांच्या शौचालयाला मोठं दार आणि धड कडी असते. दिल्ली मेट्रोनं तर ऑगस्ट २०२२ मध्ये तिथली दिव्यांगांची शौचालयं ट्रान्स व्यक्तींनाही वापरता येतील असं जाहीर केलं. आपल्याकडं अशी पाटी नसली तरी अडचणीत मी वापरतो. पण चाकाच्या खुर्चीवरचं कुणी थांबलं असेल तर आधी त्यांना जाऊ द्यायचं आणि निघताना फरशीवर पाणी ठेवायचं नाही.

‘तृतीयपंथी’ असं लिहिलेलं वेगळं शौचालय काही ठिकाणी दिसतं. एका ठिकाणी गेलो तर त्यात फिनेलचे कॅन आणि झाडू रचून ठेवलेले. चालू असलं तरी मी जाणार नाही. पुरुष म्हणून रोज फिरणाऱ्यानं त्या दारात शिरायचं म्हणजे अख्ख्या स्टँडला आपली गोष्ट सांगायची. ट्रान्स बहिणींचं, म्हणजे ट्रान्स स्त्रियांचं, गणित वेगळं आहे. पुरुषांच्या बाजूला त्यांना मार खावा लागतो, तेव्हा त्यातल्या काहींना वेगळं हवं असेल तर ते जरूर व्हावं. सक्ती मात्र कुणावर नको.

कुणी अडवलंच, ‘ओ ताई, हे जेन्ट्स आहे’ म्हणालं, तर ‘जेन्ट्सच आहे मी’ म्हणायचं आणि पुढं चालायचं. शरीर, ऑपरेशन, आधार कार्ड यातलं काहीही दारात उभं राहून समजावत बसू नको. चार जण जमायला लागले तर तिथून निघ, उजेडात आणि गर्दीत ये, अंगावर आले तर ११२ लाव.

तुझ्या बाजूनं काय आहे तेही माहीत असू दे. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात सरकारांना ट्रान्स व्यक्तींसाठी सार्वजनिक शौचालयांची सोय करायला सांगितलं. स्वच्छ भारतच्या ग्रामीण भागासाठी एप्रिल २०१७ मध्ये ज्या सूचना निघाल्या, त्यांत पुरुषांचं की बायकांचं शौचालय वापरायचं हे त्या व्यक्तीनं ठरवावं असं आहे. आणि ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात, कलम १८ मध्ये, ट्रान्स व्यक्तीला सार्वजनिक जागी जाण्यापासून अडवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा सांगितली आहे. सुलभच्या मामांना कलम ऐकवण्यात अर्थ नाही. ते ऑफिसात कामाला येतं.

ऑफिसचं म्हणशील तर त्याच कायद्याखालच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायचं असतं. त्यात सगळ्यांसाठी सामायिक शौचालय आणि स्वच्छतेच्या वस्तू यांचा उल्लेख लागतो. तक्रार अधिकारीही नेमायचा असतो. एचआरकडं जाऊन हक्कांवर भाषण देऊ नको, दोन ओळींचा मेल टाक : ‘कंपनीचं समान संधी धोरण आणि तक्रार अधिकाऱ्यांचं नाव कळवावं. पुरुषांच्या शौचालयातल्या निदान एका संडासाला नवी कडी आणि आत झाकणाचा डबा बसवून मिळावा.’ डब्याचं कारण लिहायची गरज नाही. उघडपणे सांगितलेलं नसेल तर स्वतःबद्दल एक शब्दही लिहू नको, हे मागायला ट्रान्स असावं लागत नाही. मेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवून ठेव. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली पुन्हा लिही, या वेळी साहेबांना सीसीत घेऊन.