डोंबिवलीत वन बीएचके भाड्याने घ्यायचाय? मग हे वाचा

आमच्या ऑफिसात नवीन लागलेली मुलं-मुली घर शोधायला लागली की मला विचारतात, कारण डोंबिवली पूर्वेत मी बरीच वर्षं भाड्याच्याच घरांत राहतेय. त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

घराआधी स्टेशन ठरवा. डोंबिवलीला फास्ट गाड्या थांबतात, शेजारच्या ठाकुर्ली आणि कोपरला फक्त स्लो. घाटकोपर, दादरला रोज जायचं असेल तर हा फरक वर्षभर अंगावर येतो. जाहिरातीत "स्टेशनपासून दहा मिनिटं" लिहिलेलं असतं, ती दहा मिनिटं बहुतेक वेळा रिकाम्या रस्त्यावरच्या रिक्षाची असतात. म्हणून टोकन (घर अडवून ठेवायला दिलेली आगाऊ रक्कम) देण्याआधी एकदा सकाळी आठला त्या बिल्डिंगपासून स्टेशनपर्यंत जाऊन बघा. शेअर रिक्षाची रांग किती लांब आहे ते तेव्हाच कळतं.

घर दिवसाउजेडी बघा, आणि एकटे जाऊ नका. एजंट हॉलमध्ये उभा राहून खिडकीतला वारा दाखवत असतो, तेवढ्यात तुम्ही बेडरूममध्ये जाऊन बाथरूमला लागून असलेली भिंत बघा. खाली, फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत हात फिरवा. रंग फुगलाय, बोटाने दाबल्यावर पापुद्रा सुटतो, पांढरी भुकटी हाताला लागते, म्हणजे आत पाणी मुरतंय. सगळी खोली जुन्या रंगाची आणि एकच कोपरा ताजा रंगवलेला असेल तर तिथे ओल होती असं धरून चाला. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते विचारा, नसेल तर पावसाळ्यात छत गळू शकतं. पाण्याची वेळ मालकाला विचारू नका. शेजारच्या काकूंना विचारा: पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का? त्या खरं सांगतात.

इमारत अधिकृत आहे का, हे भाडेकरूनेसुद्धा बघायलाच हवं. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींवर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामाचा आदेश दिला. घर खाली करायची वेळ आली की भाडेकरूलाही सामान उचलावं लागतं. भोगवटा दाखला (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, म्हणजे ओसी) आहे का ते सोसायटीच्या सेक्रेटरीला सरळ विचारा.

आता करार. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे: करार नोंदवल्याशिवाय पूर्ण डिपॉझिट देऊ नका. "नोटरी करून घेऊ, स्वस्तात होईल" असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (अकरा महिन्यांचा वगैरे आपण करतो तो भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. आता तो ऑनलाइन होतो. आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो, एजंट मशीन घेऊन घरी येतो. सरकारी खर्च फार नाही. समजा भाडं १५,००० आणि डिपॉझिट ५०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर थोडा हाताळणी खर्च. बाकी एजंट जे मागतो ती त्याची मजुरी, ती आधीच ठरवून घ्या. दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी मागतात, त्यातही थोडी घासाघीस चालते.

करार वाचताना लॉक-इन (ज्या काळात मध्येच घर सोडता येत नाही तो) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची आणि घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का, हे बघाच. रंगाचं तोंडी ठरलेलं नंतर कुणाला आठवत नाही. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, तेही लिहून घ्या. मालक स्वतः तिथे राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून ना-भोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नेता येत नाही आणि तो मालकाचा खर्च आहे, तुमच्यावर ढकलू देऊ नका. पगारातल्या एचआरएवर (घरभाडे भत्त्यावर) करसवलत घेणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन लागतो. तो सही करतानाच मागा, मार्चमध्ये फोन उचलला जात नाही.

पैसे बँकेतूनच द्या. किल्ली घेताना वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, महावितरणचं शेवटचं बिल भरलंय ना ते बघा. पंखे, गिझर, नळ, आरसा, जे काही आहे त्याची यादी कराराला जोडा आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती गेल्याची पावतीही मागून घ्या.

घर सोडताना नोटीस लेखी द्या, आणि किल्ली हातात देणं व डिपॉझिट खात्यात येणं एकाच बैठकीत करा.