शनिवारी रेस, सोमवारी कॉलेज आणि पुढे पोलिसची वर्दी: तिन्ही कसं जमवायचं

तुमचं मूल इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात स्टॉक कार (साध्या गाडीवरून बेतलेली रेसची गाडी) पळवत असेल, कॉलेजात असेल आणि पोलिसात जायचं म्हणत असेल, तर गाडीचा पुढचा सुटा भाग घेण्याआधी पोलिस भरतीचा वैयक्तिक माहितीचा अर्ज एकदा सबंध वाचून काढा. मुलालाही वाचायला लावा. राहिलेले पत्ते, केलेल्या नोकऱ्या, वरिष्ठांची नावं, ट्रॅफिकची चलनं, कर्ज, अमली पदार्थ, अटक, सगळं त्यात विचारतात. मग विभागाचा माणूस शेजाऱ्यांकडे, शिक्षकांकडे, जुन्या मालकांकडे जाऊन खातरजमा करतो. रेसिंग हा या अर्जात अडथळा नाही. रेसिंगच्या आजूबाजूला जे घडतं, ते अडथळा होऊ शकतं. म्हणून मी सगळं नियोजन या अर्जापासून मागे मोजत आणते.

आमच्या घरी तिन्ही गोष्टी एकदम चालू आहेत. लेक एकोणीस वर्षांची आहे. कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिस शिकते आणि शनिवारी रात्री स्ट्रीट स्टॉक या प्रकारची रेसची गाडी चालवते. तिचा बाबा गाडीखाली असतो, मी स्पॉटर, म्हणजे आजूबाजूच्या गाड्या कुठे आहेत ते ड्रायव्हरला सांगणारी. स्टँडवर उभी राहून रेडिओवर सांगते, "आत आहे... अजून आत आहे... मोकळं." हे मराठीतच चालतं. सुरुवातीला पिटमधल्या, म्हणजे ट्रॅकजवळ गाड्या तयार करतात त्या जागेतल्या, लोकांना नवल वाटायचं, आता कुणी वळूनही बघत नाही.

आपल्या लोकांसाठी पहिली पायरी नागरिकत्वाची. या राज्यात पोलिस व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही. मूल अठराच्या आत असेल, ग्रीन कार्डवर तुमच्याकडेच राहत असेल आणि तुमच्यापैकी एकजण नागरिक झाला, तर तेही आपोआप नागरिक होतं. अठरा उलटल्यावर त्याला स्वतःचा अर्ज करावा लागतो. एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असलेल्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे, त्यात वकिलाशी लवकर बोला. वयाची अट पोलिस अधिकाऱ्याला किमान २० आणि शेरीफच्या (काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या) डेप्युटीला २१.

मग एक वही घाला. लेक सोळाची झाली तेव्हा मी ही वही सुरू केली. पत्ता बदलला की तारीख, उन्हाळ्यात कुणाच्या गराजमध्ये काम केलं तर मालकाचं नाव आणि फोन, पगार चेकने की रोख, एखादं चलन, एखादा छोटा अपघात. पाच वर्षांनी हे कुणाच्या लक्षात राहणार? आणि अर्जात काही राहून गेलं तर तपासणारा ते विसरणं मानेलच असं नाही. चलन असल्याने जितकं बिघडतं, त्याहून ते लपवल्याने जास्त बिघडतं.

आता रस्ता. ट्रॅकवर वेगात जाणारं मूल हायवेवर अगदी शांत असायला हवं, आणि यात मी तसूभरही सवलत देत नाही. इथल्या कायद्यात मर्यादेपेक्षा १५ मैलांहून जास्त वेग, किंवा ताशी ८० मैलांच्या वर, हा नुसता दंड नसून फौजदारी गुन्हा धरतात. ठरवून लावलेली रस्त्यावरची शर्यत तर त्याहून गंभीर: परवाना तीन वर्षं रद्द आणि गाडी जप्त. ट्रॅकवरचे मित्र कधी पार्किंगमध्ये म्हणतात, "चल, त्या सिग्नलपर्यंत." तिथे "नाही" म्हणणं आधीच ठरलेलं असावं. त्या क्षणी विचार करायची वेळ येऊ नये. रोजची गाडी साधी, शांत इंजिनाची घ्या. रेसच्या गाडीचा हिशेब वेगळा, रस्त्याच्या गाडीचा वेगळा.

या खेळाची मुळंच पोलिसांपासून पळण्यात आहेत, हेही मुलांना सांगा. विल्क्स काउंटीतला ज्युनिअर जॉन्सन तरुणपणी चोरून गाळलेली दारू गाडीतून पोचवायचा. रस्त्यावर तो कुणाला सापडला नाही. १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला आणि तुरुंगात गेला. पुढे तो नॅसकारचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या स्टॉक कार रेस भरवणाऱ्या संस्थेचा, मोठा ड्रायव्हर आणि संघमालक झाला. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. सांगायचं ते एवढंच की अध्यक्षांची माफी हातात पडेपर्यंत त्याची तीस वर्षं गेली होती.

कॉलेजचं वेळापत्रक रेसच्या हंगामावर बसवा. विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा ट्रॅक आहे. १९४९ पासून तिथे नॅसकारच्या साप्ताहिक रेस होतात आणि हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट असतो. म्हणजे कठीण काळ कोणता, तर एप्रिलचा शेवट आणि मेची सुरुवात: एकीकडे सत्राच्या शेवटच्या परीक्षा, दुसरीकडे पहिल्या रेस. आम्ही काय करतो? जड विषय, म्हणजे संख्याशास्त्र, लेखन, फौजदारी कायदा, ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात. जानेवारीच्या सत्रात हलके. शुक्रवारी एकही वर्ग नाही. ऑनलाइन विषयांची मुदत बहुधा रविवारी मध्यरात्री संपते, पण आमच्या घरात ती गुरुवारी रात्रीच संपते. शनिवारी सरावानंतर आणि मुख्य रेसच्या आधी पिटमध्ये बराच वेळ नुसता बसून जातो. ट्रेलरमध्ये एक घडीचं टेबल आणि दिवा ठेवलाय. तिथे वाचन होतं, लेखन होत नाही, हे अनुभवाने सांगते. आर्थिक मदत मिळत असेल तर विषय कमी करण्याआधी कॉलेजला विचारा. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून सत्राला साधारण १२ क्रेडिट लागतात.

शिकता शिकता वरपर्यंत जाता येतं का, असं विचारणाऱ्यांना मी राजाह करुथ या तरुण ड्रायव्हरचं नाव सांगते. विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटीत मोटरस्पोर्ट मॅनेजमेंट शिकत असतानाच त्याने मार्च २०२४ मध्ये लास व्हेगसला नॅसकारच्या ट्रक मालिकेतली रेस जिंकली आणि त्याच वर्षी पदवीही घेतली. त्याची सुरुवात संगणकावरच्या रेसिंगने झाली होती. टायर परवडत नसतील त्या आठवड्यात आमची लेकही संगणकावरच सराव करते.

आता शरीराचं बोलू, कारण यात पालक फार ढिले असतात. हेल्मेट मोटरसायकलचं नको. 'स्नेल एसए' असा शिक्का पाहून घ्या, त्यात आगीचीही चाचणी झालेली असते. सूट 'एसएफआय ३.२ए/५' दर्जाचा घ्या. अंगाला फोड येण्याइतकं भाजण्याआधी तो सुमारे दहा सेकंद देतो, सगळ्यात खालच्या दर्जाचा सूट सुमारे तीन. गाडीतून बाहेर पडायला त्या वाढीव सेकंदांचीच गरज असते. डोकं-मान धरून ठेवणारं हान्स हे साधन स्थानिक ट्रॅकवर सक्तीचं नसलं तरी घ्याच. नॅसकारचा नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाच्या रेसमध्ये कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेला, त्याच वर्षी नॅसकारने असं साधन सक्तीचं केलं. तो आमच्या शेजारच्या कॅनापोलिसचा, तिथे त्याचा पुतळा आहे.

डोक्याला मार लागल्यावर गरगरलं, मळमळलं, प्रकाश सहन होईना, तर पुढच्या शनिवारी गाडी ट्रेलरवर चढत नाही. डॉक्टर "हो" म्हणेपर्यंत नाही. अर्नहार्टच्या मुलाने, डेल ज्युनिअरने, २०१६ चा अर्धा हंगाम याच कारणाने सोडला होता. त्याला परवडलं नसेल असं नाही, पण गुण, प्रायोजक, सगळं बाजूला ठेवून तो थांबला. तुमच्या मुलाला अजून शिकायचंय आणि पोलिसच्या वैद्यकीय तपासणीला उभं राहायचंय.

त्या तपासणीत कानही तपासतात. हेल्मेटच्या आत कानात बोळे घातल्याशिवाय लेक गाडीत बसत नाही, सरावालाही नाही. गराजमध्ये इंजिन चालू असताना बाबालाही तोच नियम.

पैशाचं थोडक्यात. भरतीत कर्जाची, थकलेल्या बिलांची चौकशी होते, म्हणून मुलाच्या नावच्या क्रेडिट कार्डावर टायर घेऊ नका. गाडी आणि कर्ज तुमच्या नावावर ठेवा. पैसे संपले तर ती रेस सोडा.

रागाचं मात्र थोडक्यात सांगता येत नाही. कुणी मागून ठोकलं, रेस गेली, तर उतरून त्याच्या पिटमध्ये जाण्याची खाज सगळ्यांना असते. आता प्रत्येक हातात फोन आहे. धक्काबुक्कीची चित्रफीत वर्षानुवर्षं सापडत राहते. आमचा नियम असा: हेल्मेट काढायचं, पाणी प्यायचं, ट्रेलरमध्ये माझ्याजवळ यायचं, आणि तक्रार असेल तर ट्रॅकच्या अधिकाऱ्याकडे बाबा जाणार. लेक एकदा रागाने म्हणाली, "आई, मी लहान आहे का गं?" मी म्हटलं, "नाही बाळा, म्हणूनच." ट्रॅकच्या गेटवर शनिवारी डेप्युटी उभे असतात. त्यांच्याशी तिची ओळख झाली ती नमस्कार-चमत्कारातून. त्यांनीच तिला गस्तीच्या गाडीत शेजारी बसून एक पाळी बघायला कसा अर्ज करायचा ते सांगितलं. असा अर्ज बरेच विभाग घेतात. तुमच्या मुलालाही करायला लावा. रात्रभर कंटाळवाणी कागदपत्रं भरणं बघूनही त्याला हे काम हवं असेल, तर पुढे चला.

शेवटचा टप्पा बीएलईटी, म्हणजे राज्याचं मूलभूत पोलिस प्रशिक्षण. ते मुख्यतः कम्युनिटी कॉलेजांत चालतं, काही ठिकाणी संध्याकाळीही. ते पूर्ण झालं की क्रिमिनल जस्टिसच्या पदविकेत त्याचे क्रेडिट मिळू शकतात. विभागाने प्रायोजकत्व दिलं तर शिकवणी शुल्क माफ होतं, म्हणून आधी विभागाशी बोला, मग नाव घाला. त्यात गाडी चालवण्याचंही प्रशिक्षण असतं, आणि ट्रॅकवरच्या मुलांनी तिथे "मला येतं" म्हणायचं नाही. दोन्हींतली शिस्त वेगळी आहे. बुडालेले तास भरून द्यावे लागतात. हात मोडला तर गोळीबाराचा सराव जातो आणि तुकडी पुढे निघून जाते. त्यामुळे त्या सत्रात आमची गाडी गराजमध्ये झाकलेली राहणार, हे लेकीने स्वतः लिहून फ्रिजवर लावलंय. पुढे नोकरी लागली की नवीन माणसाला शनिवार रात्रीची पाळी यायचीच. बक्षिसाचे पैसे घ्यायचे तर विभागाची परवानगी लागते का, तेही मुलाखतीतच विचारून घ्या.