रनिंग ग्रुपवर रोज स्क्रीनशॉट टाकताय? मग या चुका टाळा

मागच्या जुलैतली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा, बाहेर धो धो पाऊस आणि मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबांच्या मधून चकरा मारतोय. ग्रुपवर '१०० दिवस, रोज किमान ३ किमी' असं चॅलेंज चालू होतं, माझा ६१ वा दिवस, ऑफिसातून यायला उशीर झालेला, पण स्ट्रीक तुटता कामा नये ना. वॉचमनकाका टॉर्च मारून म्हणाले, "सर, काय हरवलंय का?" मी म्हणलं, नाही काका, दोनशे मीटर राहिलेत फक्त. छपराखाली जीपीएस एवढा भंजाळला होता की मॅपवर नुसती चकली उमटली. ती चकली ग्रुपवर टाकली, बत्तीस अंगठे आले, दोघांनी 'बीस्ट मोड' लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला तर उजव्या नडगीत अशी कळ गेली की तिथेच खाली बसलो.

शेवटी सात आठवडे रनिंग बंद. त्यामुळे खाली जे लिहितोय ते कोच म्हणून नाही, मी पुण्यातला ४४ वर्षांचा हौशी रनर, हाफ मॅरेथॉन (२१ किमी) अडीच तासात केली तरी घरी पेढे वाटणारा. पण या चुका मी स्वतः केल्यात नाहीतर ग्रुपवर डोळ्यांसमोर होताना बघितल्यात.

दुसऱ्याचा पेस आपल्या पायात घालणं

ही सगळ्यात कॉमन आणि बाकीच्या अर्ध्या चुकांची आई. सकाळी सव्वासहाला कुणीतरी टाकतं, 'इझी १०, पेस ५:४०', म्हणजे आरामात १० किमी, एका किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंद. आता त्याचं इझी म्हणजे ५:४० असेल, तो बारा वर्षं पळतोय, माझं इझी पावणेआठ आहे. पण पावणेआठ टाकायला लाज वाटते, मग आपण इझी रन साडेसहाने ओढतो आणि घरी येऊन सोफ्यावर आडवे. असा रन धड हळू नसतो धड जोरात नसतो, थकवा मात्र जोरातल्यासारखाच देतो. चांगले रनर सुद्धा आठवड्यातलं बहुतेक रनिंग हळूच करतात, आपल्याला त्यांचं फक्त रेसचं टायमिंग दिसतं.

इझी म्हणजे किती हे बघायला घड्याळ लागत नाही. पळता पळता तेराचा पाढा धाप न लागता म्हणता आला पाहिजे (पाठ असेल तर, ही अट वेगळी). 'तेरा साते...' ला श्वास तुटला की पेस कमी करा. चढावर चालायला लागलं तर चाला, कोणी चलान फाडत नाही.

हार्ट रेटचं एक सांगतो कारण ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी घाबरून विचारतं, 'हळू पळतोय तरी १७२ दाखवतंय, डॉक्टरकडे जाऊ का?' मनगटावरचा सेन्सर कधी कधी हृदयाचे ठोके सोडून पावलांचा ताल मोजायला लागतो, आणि पावलं मिनिटाला १६०-१८० च्या घरात असतात, त्यामुळे आकडा भयानक दिसतो. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर आणि घट्ट बांधा, तरी तसंच दिसलं तर थांबून गळ्याजवळ बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, गुणिले चार. आणि '२२० वजा वय' हा फॉर्म्युला एकदम ढोबळ आहे, एकाच वयाच्या दोघांमध्ये १०-१५ ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यावर झोन (कुठल्या रनला किती ठोके, ते टप्पे) ठरवून झोप उडवून घेऊ नका. पण हळू पळतानाही गरगरलं, छातीत धडधड जाणवली तर मात्र सेन्सरला दोष देत बसू नका, डॉक्टर गाठा.

आणि ऑक्टोबरमध्ये पेस पडला तर तुमचं काही बिघडलेलं नसतं. ऊन आणि दमटपणात शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, थंड व्हायला, पायांच्या वाटणीला कमी येतं. डिसेंबर येऊ द्या.

दम वाढला म्हणून हाडंही तयार झाली असं समजणं

माझी खरी चूक ही. मी आठवड्याला २४-२५ किमी पळणारा माणूस, चॅलेंजच्या नादात महिन्याभरात ४० च्या वर गेलो, कारण दम लागतच नव्हता ना. फिजिओने नंतर समजावलं ते डोक्यात पक्कं बसलंय. हृदय-फुफ्फुसं काही आठवड्यांत जमवून घेतात, पण स्नायूंच्या दोऱ्या आणि हाडं यांना कित्येक महिने लागतात. शिवाय हाडावर नवीन भार आला की शरीर आधी जुना भाग उकरून काढतं आणि मग नवीन भरतं, मधले काही आठवडे ते हाड उलट कच्चं असतं. म्हणजे आपल्या पुण्यातल्या रस्त्यासारखंच, खोदून ठेवलाय, डांबर यायचंय, आणि आपण त्यावरून ट्रक घालतोय.

आठवड्याला दहा टक्के वाढवा हा नियम सगळे सांगतात, तो काही दगडावरची रेघ नाही पण लगाम म्हणून ठीक आहे. मी आता तीन आठवडे थोडं थोडं वाढवतो आणि चौथ्याला मुद्दाम कमी करतो. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात दोन्ही वाढवायचे नाहीत. आणि रोज पळायचं चॅलेंज घ्यायचंच असेल तर 'रोज ३० मिनिटं हालचाल' असं घ्या, त्यात चालणं आलं, सायकल आली, घरी स्क्वॉट्स आले. आमच्या ग्रुपने या वर्षी तसंच केलं, लोक कमी पडले. म्हणजे आजारी कमी पडले असं म्हणायचंय.

दुखणं ग्रुपवर टाकणं आणि औषधही तिथूनच घेणं

मी नडगीचा फोटो टाकला, तासाभरात सतरा उत्तरं. बर्फ लाव, गरम पाण्याचा शेक दे, हळदीचा लेप, शूज बदल, शूज काढूनच पळ, 'शिन स्प्लिंट आहे, पळत राहा, आपोआप जातं'. ते शेवटचं मला आवडलं म्हणून मी ते ऐकलं, अजून चार दिवस पळलो.

फिजिओने काय केलं माहितीये का, टेबलावर बसवलं आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा वरून खाली हळूहळू दाबत आणला. काही नाही, काही नाही, काही नाही, आणि मग घोट्याच्या एक वीतभर वर एका जागी मी ओरडलो. नेमकी रुपयाच्या नाण्याएवढी जागा. ती म्हणाली, "हे बघा, सगळीकडे पसरलेलं दुखणं आणि बोटाने दाखवता येतं ते दुखणं यात फरक असतो." नडगीच्या कडेला लांबवर पसरलेलं, पळायला लागल्यावर थोडं सैल होणारं दुखणं बऱ्याचदा शिन स्प्लिंट असतं. एका बोटाच्या जागेवर दुखतंय, पळताना वाढत जातंय, एका पायावर उडी मारली की कळ जातेय, रात्री पडल्या पडल्या पण ठणकतंय, तर हाडाला बारीक चीर असू शकते, त्यावर पळणं म्हणजे चिरेचं फ्रॅक्चर करून घेणं. एक्स-रे सुरुवातीला बऱ्याच वेळा स्वच्छ येतो, माझाही आला होता आणि मी खुश झालो होतो, एमआरआयमध्ये दिसलं.

बाकी दोन ओळखीची दुखणी. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं आणि दहा पावलांनी बरं वाटतं, ते बहुधा तळव्याच्या पट्ट्याचं, पोटरीचे व्यायाम आणि धीर, दोन्ही लागतं. जिना उतरताना किंवा पिक्चरला दोन तास बसून उठताना वाटीच्या मागे दुखतं ते रनर्स नी, तिथे बहुतेकदा मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू कमजोर असतात, नुसती नी-कॅप चढवून भागत नाही.

दोन गोष्टी मात्र कोणाला विचारत बसू नका. रेसच्या सकाळी पेनकिलर घेऊन पळू नका, घामाने शरीर कोरडं पडलेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला महाग पडतात. आणि पळताना छातीत दाब, जबड्यात-हातात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. आपल्याकडे 'गॅस असेल' या दोन शब्दांनी फार माणसं नेलीत.

घाट नुसता चढणं

साताऱ्याच्या हिल हाफची तयारी करणाऱ्यांसाठी हे. शहरातून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या बाजूला वर जायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं, म्हणजे निम्मी रेस उताराची. ग्रुपवर फोटो मात्र चढाचेच. पुण्याजवळचा बोपदेव घाट पळत चढतात, वर सेल्फी, आणि खाली कोणाच्या तरी गाडीत बसून येतात. मी पहिल्या वर्षी हेच केलं, टर्नपर्यंत एकदम मस्त, वाटलं आता काय खाली सोडून द्यायचं, आणि १६ व्या किलोमीटरला मांड्या जेली झाल्या. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जाताना ब्रेक मारत असतो, ते काम चढापेक्षा वेगळं आणि जास्त झीज करणारं आहे, त्याची सवय उतरूनच होते. पंधरा दिवसांतून एकदा उतार पळा, पावलं छोटी आणि पटापट, अंग मागे झुकवून टाचा आपटत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. धरा.

मुंबईवाल्यांचं वेगळं. जानेवारीतल्या फुल मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ एरवी टॅक्सीतून जाणवतही नाही, पण तो येतो तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत, पाय संपत आल्यावर. त्यामुळे नुसता चढ पळून उपयोग नाही, लाँग रनच्या शेवटी चढ ठेवा.

पाणी, मीठ आणि शूज, पटकन

दीड तासाच्या पुढचा रन उपाशीपोटी नको, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स पोटात जायला हवेत. पाकिटातलं एनर्जी जेलच पाहिजे असं नाही, खजूर, राजगिरा लाडू, चिक्की चालते, फक्त रेसच्या दिवशी पहिल्यांदा नको. नुसतं पाणी ढोसत राहणं पण धोक्याचं, रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं जड, मळमळ, आणि माणूस म्हणतो डिहायड्रेशन झालं आणि अजून पाणी पितो. लिंबू-मीठ-साखर साधं आणि चांगलं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत ओतून 'स्ट्राँग' करायचं नाही.

शूज साधारण ५०० ते ८०० किमी. सोलमध्ये कार्बनची पट्टी असलेले महागडे रेसचे शूज बघून मन चाळवतं, पण पावणेआठच्या पेसला त्या पैशात दोन साधे जोड येतात आणि आलटून पालटून घालता येतात. पावसात भिजलेले शूज ड्रायरने किंवा गॅसजवळ सुकवू नका, डिंक सुटतो. सोल-पॅड बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाने ओले बोळे बदला. आमच्याकडे रविवारच्या पुरवण्या यासाठीच ठेवतात.

फक्त चांगले दिवस टाकणं

हे मला जास्त लागतं. ग्रुपमध्ये साठ माणसं, त्यातल्या रोज पाच-सहा जणांचा चांगला दिवस असतो, तेच टाकतात, आणि बाकीच्यांना वाटतं सगळे पळतायत, मीच मागे. आमच्यातली एक ताई तीन महिने गप्प होती, बाळंतपणानंतर परत पळायला लागलेली, तिने ९:३० चा पेस टाकला आणि कोणीतरी गंमत म्हणून लिहिलं, 'वॉक छान झाला'. संपलं. गंमत करणारा विसरला पण, तिचा शूजचा जोड मात्र चपलांच्या स्टँडवर तसाच. मी जखमी झालो तेव्हा एमआरआयचा रिपोर्ट सरळ ग्रुपवर टाकला तर त्या आठवड्यात चार जणांनी पर्सनलवर लिहिलं, मलाही असंच होतंय, बोललो नव्हतो. ती ताई पण त्यात होती.

अजून एक, रनचा मॅप टाकताना घराचा गेट दिसत नाही ना बघा. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या रनिंग नोंदवणाऱ्या ॲपच्या हीटमॅपवरून (सगळ्यांचे रस्ते एकत्र दाखवणारा नकाशा) लष्करी तळांचे नकाशे जगाला दिसले होते, मग तुमचा रोज पहाटे ५:१० ला सुरू होणारा रस्ता दिसायला किती वेळ लागणार. स्टार्ट आणि एंड लपवायचं सेटिंग आहे, ते लावा, विशेषतः पहाटे एकट्या पळणाऱ्या बायकांनी.

आणि पळता येणार नसेल तर बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) मित्राला देऊन टाकू नका. त्याला रस्त्यात काही झालं तर मेडिकलवाल्यांच्या हातात तुमचं नाव, तुमचा ब्लड ग्रुप आणि तुमच्या बायकोचा फोन नंबर असतो.

सुट्टीनंतर जिथे सोडलं तिथूनच सुरू करणं

सात आठवड्यांनी मला पहिल्याच दिवशी पाच किमी मारायचे होते. फिजिओ म्हणाली, आधी सलग तीन दिवस अर्धा तास भरभर चालून दाखवा, न दुखता. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये पळलेल्या जेफ गॅलोवेने ही पळ-चाल पद्धत जगभर रुजवली, त्यामुळे सिग्नलवरच्या रिक्षावाल्यांनी बघितलं तरी लाजायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं दहापैकी दोनच्या वर असेल तर एक पायरी मागे, नसेल तर पुढे. मी वहीत लिहितो, ॲपमध्ये नाही: तारीख, मिनिटं, झोप, नडगी. कालची ओळ, 'मंगळ. २ पळ १ चाल, १० वेळा. झोप ६ तास. नडगी १. कुत्रं मागे लागलं, तेवढा भाग २ पेक्षा जास्त पळलो.'