रिव्हॉल्व्हरचं होल्स्टर घेताय? आरशासमोर उभं राहून घेऊ नका

बंदुकीच्या दुकानात होल्स्टर, म्हणजे हत्यार कमरेला बाळगायचं म्यान, घ्यायला आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. पट्ट्यात होल्स्टर अडकवतो, पोट आत घेतो, आरशात एकदा उजवीकडून बघतो, एकदा डावीकडून बघतो आणि "द्या बांधून" म्हणतो. माझं पहिलं होल्स्टर मीही असंच घेतलं. काळं, चकचकीत, वर सोनेरी टिचबटण. गाडीत बसलो तोच मुठीचं टोक बरगडीत रुतलं. घरी पोहोचेपर्यंत मी एका कुशीवर कलून गाडी चालवत होतो.

परवान्यासाठी खेटे घालून झालेले असतात, हत्यारावर लाखभर रुपये गेलेले असतात. मग होल्स्टर आपण "दाखवा एखादं" म्हणून उरकतो. वास्तविक हत्यार दिवसभर असतं ते होल्स्टरमध्येच. आणि आपण दिवसभर उभे नसतो. बसतो, वाकतो, दुचाकीवर टांग टाकतो, पंगतीला मांडी घालतो. म्हणून दुकानात आरसा सोडा आणि आधी खुर्ची मागा.

"बत्तीसचं होल्स्टर द्या" म्हणू नका

.32 हा आकडा काडतुसाचा झाला. रिव्हॉल्व्हरच्या अंगापिंडाबद्दल तो काही सांगत नाही. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यातली नेहमीची .32 रिव्हॉल्व्हर वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या वळणाची आहे. काडतुसं भरायला ती वरून मोडून उघडते आणि तिची खिट्टी घोड्याच्या (काडतुसावर आदळणाऱ्या भागाच्या) अगदी पुढे, वरच्या बाजूला असते. नळी साधारण 3 इंच. 'अनमोल' या दुसऱ्या देशी मॉडेलची नळी त्याहून लांब. 2014 साली आलेली 'निर्भीक' टायटॅनियमच्या मिश्रधातूची, वजनाला सुमारे 500 ग्रॅम. 2023 च्या 'प्रबळ'चं सिलिंडर, म्हणजे काडतुसांची फिरती चकती, बाजूला उघडतं. बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, चौघींचं एकच, पण होल्स्टर एकीचं दुसरीला बसेलच असं नाही.

ऑनलाइन मिळणारी बरीच होल्स्टर अमेरिकी घाटाच्या, बाजूला सिलिंडर उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरसाठी कापलेली असतात. आपली वेब्ली-वळणाची त्यात जाते, पण हत्यार निसटू नये म्हणून असलेली वरची पट्टी घोड्यामागे बसायच्या ऐवजी खिट्टीवर येते किंवा लागतच नाही. मग लोक पट्टी कापून टाकतात. कापू नका, होल्स्टर परत करा. मॉडेलचं नाव आणि नळीची लांबी सांगूनच मागा.

घरी आणल्यावर एक चाचणी करायची. सगळी काडतुसं काढून टेबलावर ठेवा आणि मोजा. सिलिंडरची रिकामी घरं प्रकाशात धरून पुन्हा बघा. मग रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये घाला, पट्टी लावा आणि गादीवर धरून उलटं करून झटका. हलता कामा नये. आता पट्टी सोडून हळूच उलटं करा. चांगलं होल्स्टर तेव्हाही तिला एकदम सोडत नाही. शेवटी बाहेरून बोट घालून बघा, चापापर्यंत पोहोचतं का? पोहोचत असेल तर ते होल्स्टर कितीही देखणं असो, कामाचं नाही. चाप पूर्ण झाकलेला हवा. यात तडजोड नाही.

दोष पट्ट्याचा, बोल होल्स्टरला

"होल्स्टर लोंबतं", "मागे सरकतं", "उपसताना होल्स्टरच वर येतं" या तक्रारींत बहुतेक वेळा गुन्हेगार पट्टा असतो. रिव्हॉल्व्हर 700 ग्रॅमच्या आसपास, त्यात सहा काडतुसं आणि होल्स्टरचं चामडं, म्हणजे किलोच्या जवळपास वजन कमरेच्या एकाच बाजूला. ऑफिसात घालायचा मऊ, दीड बोट रुंदीचा पट्टा त्याखाली पिळवटतो. मग मूठ शरीरापासून सुटून बाहेर कलते आणि शर्टाला कोपरा येतो. पट्टा 38 मिलिमीटर रुंद, जाड, आडवा धरला तर मान न टाकणारा घ्या. होल्स्टरच्या खाचा त्याच मापाच्या हव्यात. 32 मिलिमीटरच्या पट्ट्यावर 38 ची खाच घातली की ते दिवसभर पुढे-मागे फिरणार. दोन खाचांचं होल्स्टर असेल तर मधे पँटची एक लुप्पी येऊ द्या, ते जागचं हलत नाही.

लेंगा घालणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडे नेहरू शर्ट आणि लेंगा हा कित्येकांचा रोजचा वेष, आणि मी नाडीत खोचलेलं होल्स्टर प्रत्यक्ष पाहिलंय. धनी दर चार पावलांवर कमरेला हात लावून चाचपत होते, म्हणजे अख्ख्या बाजाराला कळलं की तिथे काहीतरी आहे. लेंग्यावर घालायचंच तर आतून वेगळा, बक्कलाचा रुंद पट्टा बांधा आणि होल्स्टर त्याला लावा.

दिसलं पाहिजे असं वाटणं

ही सगळ्यात जुनी खोड. शर्ट खोचून, होल्स्टर उघडं ठेवून लग्नात हिंडणारे पाहुणे प्रत्येक तालुक्यात सापडतील. 2016 च्या शस्त्र नियमांतला 32 वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक होल्स्टरमध्ये किंवा तशाच साधनात हवी, ती पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर ताबा हवा. झाकलेली म्हणजे नुसती खिशात गेलेली नव्हे, लोकांना न दिसणारी. ती बाहेर काढून मिरवणं तर सरळ निषिद्ध. वरातीत हवेत गोळी झाडण्याबद्दल शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं लिहूनच ठेवलंय.

म्हणून होल्स्टर निवडायला जाताना रोजचा शर्ट घालून जा. बाहेर सोडलेला बुशशर्ट किंवा सफारी उत्तम. नेहरू शर्टाच्या बाजूच्या चिरा वाऱ्यावर उघडतात, तेवढं ध्यानात असू द्या. हात वर करून फळीवरचा डबा काढल्यासारखं करा. होल्स्टरची तळाची कड शर्टाखालून डोकावली तर ते खाली लोंबतंय, वरच्या खाचा असलेलं मागा.

बसणं, आणि विशेषतः उकिडवं बसणं

उजव्या हाताच्या माणसाला होल्स्टर उजव्या खिशाच्या शिवणीच्या जरा मागे बरं बसतं. अगदी पाठीवर नेऊ नका. तिथे पडलात तर मणक्याला लागतं, गर्दीत कोणी हात घातला तरी कळत नाही. नळीचं टोक किंचित मागे कललेलं असलं की मूठ पुढे येते आणि बरगडी सुटते. दिवसभर स्टिअरिंगवर असणारे काही जण पोटावर आडवं, डाव्या बाजूला लावतात. गाडीत ते सोयीचं आहे खरं, पण मूठ समोरच्याच्या हाताशी येते आणि उपसताना नळी शेजाऱ्यावरून फिरते. मला ते पटत नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. भारतीय बैठकीचा संडास. पट्टा सोडला की होल्स्टरला धरून ठेवणारं काही उरत नाही, वजनाने पँट एका बाजूला ओढली जाते आणि मूठ जमिनीकडे झुकते. माझी रिव्हॉल्व्हर एकदा पट्टीवरच अडकून राहिली, म्हणून हे लिहायला तोंड आहे. तेव्हापासून नियम एकच: पट्टी लागलेलीच ठेवायची, बक्कल सोडल्यावर लगेच गुडघ्यांपाशी पुन्हा अडकवून पट्टा ताणलेला ठेवायचा. हत्यार काढून खिडकीत, टाकीवर किंवा खुंटीवर ठेवायचं नाही. आठवण राहत नाही आणि पुढचा माणूस आत शिरलेला असतो.

काढ-घाल जितकी कमी तितकी बरी

1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधली गोळी लागली. ना भांडण, ना हल्ला. भरलेलं हत्यार हाताळण्याचे प्रसंगच कमी करायचे असतात. म्हणून टिचबटणाच्या पट्ट्यांचं, अख्खं कमरेवरून सुटणारं होल्स्टर मला पसंत आहे. घरी आलं की हत्यारासकट उतरवायचं आणि निवांत बसून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून रिकामं करायचं. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर मोकळं ठेवून पाचच काडतुसं भरायची पद्धत आहे, ती मोडू नका.

परत घालताना घाई नको. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी होल्स्टरच्या तोंडात जाते, चापामागे अडकते आणि आपणच वरून दाबत असतो. कापड बाजूला घ्या, खाली बघा, बोट चापाबाहेर, अंगठा घोड्यावर. चापाला काही अडलं तर घोडा अंगठ्याखाली उठायला लागतो आणि लगेच कळतं. होल्स्टरचं तोंड मऊ पडून मिटत असेल तर ते बाद करा. दुसऱ्या हाताने तोंड उघडून धरायचं म्हणजे स्वतःचाच हात नळीपुढे आणायचा.

चामडं, पाऊस आणि खोबरेल

नवं होल्स्टर घट्ट असतंच. रिकामी रिव्हॉल्व्हर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर त्यात बसवून ठेवा, दोन-तीन रात्रींत सैल होतं. खोबरेल चोळू नका. चामडं लुळं पडतं आणि मग त्याला आकार राहत नाही.

रोज रात्री हत्यार होल्स्टरमध्येच ठेवून कपाट लावणं ही कोकणातली तर हमखास चूक. चामडं ओल धरतं. पावसाळ्यात आठवड्याभरात नळीवर तांबूस ठिपके दिसतील, आणि चामड्याच्या खणात राहिलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर चढेल. हत्यार पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कुलपात वेगळं, होल्स्टर बाहेर हवेवर.

कारागिराकडून करून घेणार असाल तर कोल्हापुरी चपलेचं चामडं बघा. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं ते चामडं ओलं करून साच्यावर दाबलं की तोच आकार धरून वाळतं. फक्त "माप घ्यायला दोन दिवस ठेवून जा" म्हणाला तर हत्यार ठेवून येऊ नका. परवाना तुमच्या नावचा आहे, त्याच्या नाही. सुताराकडून सागवानी लाकडात रिव्हॉल्व्हरच्या मापाचा ठोकळा करून घ्या, सिलिंडरचा फुगवटा नीट उतरवा, आणि तो द्या.

हा ठोकळा काम झाल्यावर टाकू नका. निवडणुकीची आचारसंहिता लागते, हत्यार पोलीस ठाण्यात जमा होतं आणि रिकामं होल्स्टर कपाटात चेपून, बुरशी धरून पडतं. हत्यार घरी येतं तेव्हा ते बसत नाही. तेवढे दिवस ठोकळा आत घालून ठेवा.